इजिप्तचे फॅरो आणि पैठणचे सातवाहन

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत इजिप्तच्या राजांचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. पण आपल्या घरातील शाळकरी मुलांना एकदा विचारून पाहा. तुतनखामेन कोण, पिरॅमिड कशासाठी बांधले, ममी कशी करत, हे ती धडाधड सांगतात. गौतमीपुत्र सातकर्णी कोण, असे विचारले की मात्र घरात शांतता पसरते. यात मुलांचा दोष नाही. इथल्या पाठ्यपुस्तकांत सातवाहनांच्या वाट्याला मोजक्याच ओळी येतात, आणि घरी आपण जो इतिहास सांगतो तो बहुधा शिवाजी महाराजांपासून सुरू होतो. त्याआधीची दीड हजार वर्षे कोरीच राहतात.

म्हणून या लेखात दोन्हीकडचे राजे शेजारी शेजारी मांडून पाहू. मुलांना जे आवडते त्याचे बोट धरून, जे आपले आहे तिथपर्यंत त्यांना आणता आले तर उत्तमच.

क्रमांकांची घराणी

आपण सेक्टरच्या क्रमांकाने पत्ता सांगणारे लोक. ४३ म्हटले की बस अड्डा, १७ म्हटले की बाजार, असे चित्र लगेच डोळ्यांपुढे येते. इजिप्तच्या इतिहासातही असाच प्रकार आहे. तिथली राजघराणी नावांपेक्षा क्रमांकांनी ओळखली जातात. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणारा खुफू चौथ्या घराण्यातला, तुतनखामेन अठराव्या, दुसरा रामसेस एकोणिसाव्या.

हे क्रमांक दिले मनेथो नावाच्या एका इजिप्शियन पुरोहिताने. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तवर टॉलेमी या ग्रीक घराण्याचे राज्य होते. आपल्या देशाचा इतिहास नव्या राज्यकर्त्यांना कळावा म्हणून मनेथोने तो ग्रीक भाषेत लिहिला आणि राजांची तीस घराण्यांत विभागणी केली. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. नंतरच्या लेखकांनी केलेले उतारे आणि याद्या तेवढ्या उरल्या आहेत. तरीही अभ्यासक आजवर तेच क्रमांक वापरतात.

क्रमांक आला की घोटाळाही आला. चंडीगढमध्ये कित्येक वर्षे सेक्टर १३ नव्हताच. २०२० मध्ये मनीमाजऱ्याला तो क्रमांक मिळाला. मनेथोच्या यादीतील सातवे घराणेही असेच आहे. एका उताऱ्यात त्याची नोंद ‘सत्तर दिवसांत सत्तर राजे’ अशी आहे. असे घराणे प्रत्यक्षात नव्हतेच, गोंधळाच्या काळाला दिलेले ते नाव असावे, असे अनेक संशोधक मानतात.

या सगळ्या काळाचा पल्ला किती मोठा, ते एका हिशेबाने कळेल. वरचा आणि खालचा इजिप्त एका सत्तेखाली आला तो इ. स. पूर्व ३१०० च्या सुमारास, नारमेर राजाच्या काळात. खुफूचा पिरॅमिड इ. स. पूर्व २५६० च्या आसपासचा, मूळ उंची सुमारे १४६ मीटर. शेवटची राणी सातवी क्लिओपात्रा मरण पावली इ. स. पूर्व ३० मध्ये. म्हणजे क्लिओपात्राला तो पिरॅमिड जितका जुना होता, तितकी जुनी ती आपल्याला अजून झालेली नाही!

आणखी एक गंमत. ‘फॅरो’ या शब्दाचा मूळ अर्थ राजा असा नाही. ‘पेर आ’ म्हणजे मोठे घर, थोडक्यात राजवाडा. आपल्याकडे ‘वाड्यावरून निरोप आला’ म्हटले की वाड्यातील माणसाचा निरोप समजतात, तसाच हा प्रकार. पुढे वाड्याचे नाव धन्याला चिकटले.

बाहेरून आलेले राजे

या तीस घराण्यांपैकी काही अस्सल परदेशी होती. पंधरावे हिक्सोस लोकांचे, पंचविसावे कुश म्हणजे आजच्या सुदानमधील राजांचे, सत्ताविसावे इराणी सम्राटांचे. इ. स. पूर्व ३३२ मध्ये सिकंदर आला आणि त्याच्यामागून टॉलेमी घराणे. यांतील बहुतेकांनी फॅरोची पदवी घेतली आणि देवळांच्या भिंतींवर आपली चित्रे इजिप्तच्या रिवाजाप्रमाणे कोरून घेतली.

टॉलेमी घराण्याने जवळजवळ तीनशे वर्षे राज्य केले. पण त्या घराण्यात इजिप्तच्या लोकांची भाषा शिकणारी पहिली व्यक्ती म्हणजे क्लिओपात्रा, असे प्लुटार्क हा ग्रीक लेखक सांगतो. पोटापाण्यासाठी इथे आलेल्या आपल्या मंडळींना पंजाबी बोलायला एवढा वेळ लागला नाही, हे अभिमानाने नमूद करावेसे वाटते.

यादीतून गळलेली नावे

राजांची यादी कोण करतो, यावर कोण उरतो हे ठरते. अबायडोस येथील देवळात पहिल्या सेती राजाने आपल्या पूर्वजांची यादी कोरली आहे. तीत शहात्तर नावे आहेत. पण हातशेपसूतचे नाव नाही, अखेनातनचे नाही आणि तुतनखामेनचेही नाही.

हातशेपसूत ही स्त्री असून फॅरो झाली. तिने वीस वर्षांहून अधिक काळ समर्थपणे राज्य केले, तांबड्या समुद्रातून दूरच्या पुंत देशाला जहाजे पाठवली. तिच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी तिसऱ्या थुतमोसच्या कारकिर्दीत तिची नावे छिन्नीने खोडण्यात आली. अखेनातनने जुने देव बाजूला सारून एकाच सूर्यबिंबाची उपासना चालवली, म्हणून पुढच्यांनी त्याची आठवणच पुसायचे ठरवले. तुतनखामेन त्याच काळातला, म्हणून तोही गळला. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला त्याची जवळजवळ शाबूत कबर सापडली आणि यादीत नसलेला हा तरुण राजा जगातला सर्वांत प्रसिद्ध फॅरो ठरला.

आता आपल्या घरी येऊ.

आपल्याकडची यादी आणि नाणेघाट

मनेथोची यादी जशी उताऱ्यांतून उरली, तशी सातवाहनांची यादी पुराणांतून उरली. पुराणे त्यांना आंध्र किंवा आंध्रभृत्य म्हणतात. मत्स्यपुराणाप्रमाणे सुमारे तीस राजे आणि साडेचारशेहून अधिक वर्षे, तर वायुपुराणाच्या पाठांत दोन्ही आकडे बरेच कमी. त्यामुळे हे घराणे नेमके कधी सुरू झाले, यावर आजही वाद आहे. पुष्कळ अभ्यासक आरंभ इ. स. पूर्व पहिल्या शतकात धरतात. इ. स. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांची सत्ता संपली. म्हणजे नाईलकाठी फॅरोंची परंपरा मावळत होती, त्याच सुमारास गोदाकाठी पैठणला हे घराणे उदयाला येत होते.

पुराणांची यादी एकटीवर विसंबण्यासारखी नाही. तिला दगडाची साक्ष मिळाली ती नाणेघाटात. जुन्नरहून कल्याणकडे उतरणारा हा व्यापारी मार्ग. घाटाच्या माथ्यावरील लेण्यात ब्राह्मी लिपीत मोठा लेख आहे. तो राणी नागनिकेचा मानला जातो. पहिल्या सातकर्णीच्या या राणीने अश्वमेध, राजसूय वगैरे यज्ञ आणि त्या वेळी दिलेल्या दक्षिणांचा हिशेब त्यात नोंदवला आहे. हजारो गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी, सगळे आकड्यांसह. भारतातील अंकचिन्हांच्या इतिहासात या लेखाला फार मोठे स्थान आहे ते याच आकड्यांमुळे.

त्याच लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. वर नावे कोरलेली, सिमुक सातवाहन, राणी नायनिका आणि सातकर्णी, काही राजकुमार आणि एक महारठी. आज मूर्ती नाहीत. पावलांच्या खुणा आणि वरची नावे तेवढी शिल्लक आहेत. इजिप्तमध्ये मूर्ती राहिल्या आणि नावे खोडली गेली. आपल्याकडे मूर्ती गेल्या आणि नावे राहिली.

गौतमीचा मुलगा

फॅरोच्या पदव्यांत ‘रा देवाचा पुत्र’ ही एक ठरलेली पदवी असे. सातवाहनांचे मोठे राजे मात्र स्वतःला आईचा मुलगा म्हणवतात: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. याचा अर्थ राज्य मुलींकडे जात असे, असा नाही. गादी बापाकडून मुलाकडेच जाई. पण नाण्यावर आणि लेखावर आईचे गोत्र आधी येई, एवढे खरे.

गौतमीपुत्राची माहिती आपल्याला त्याच्या आईनेच दिली आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी, मुलगा गेल्यानंतर तिने तो कोरवला. त्याचे घोडे तीन समुद्रांचे पाणी प्याले, त्याने शक, यवन, पल्हवांचा पराभव केला आणि क्षहरात वंश निःशेष केला, असे ती सांगते.

हे क्षहरात कोण? उत्तरेकडून आलेल्या शकांचे एक घराणे. त्यांचा राजा नहपान याने नाशिक, जुन्नर, कार्ले हा सगळा प्रदेश सातवाहनांकडून घेतला होता. गौतमीपुत्राने तो परत मिळवला. याचा पुरावा १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडला. तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एका ठिकाणी मिळाली. सगळी मूळची नहपानाची, आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. घाईने मारलेल्या त्या छापाखाली नहपानाचा चेहरा अनेक नाण्यांवर अजून दिसतो.

हरलेल्यांचे लेख

इथे इजिप्तची आठवण होते. जिंकणाऱ्याने हरलेल्याचे नाव खोडायचे, ही तिथली रीत आपण पाहिली. नाशिकला काय झाले? नहपानाचा जावई उषवदात याने पांडवलेण्यांत एक लेणे खोदवले होते, आज त्याला क्रमांक १० आहे. त्यात त्याचे मोठमोठे लेख आहेत. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. २,००० वर दरमहा दरशेकडा एक, आणि १,००० वर दरमहा पाऊण टक्का व्याज. वर्षाचा हिशेब केला तर १२ आणि ९ टक्के. आपल्यातील बँकवाल्या मित्रांना हा दर नक्कीच आवडेल!

क्षहरात वंश निःशेष केला म्हणणाऱ्या राजाची माणसे त्याच डोंगरात, काही पावलांवर लेख कोरत होती. छिन्नी हातात होती. तरीही उषवदाताचा लेख आजही जागेवर आहे. कार्ल्याच्या भिक्षूंना त्याने दिलेले करजिक गावही पुढे सातवाहनांनी त्यांच्याकडेच ठेवले, असे तेथील लेखांवरून दिसते. राज्य बदलले, दान मोडले नाही.

याची आणखी एक खूण आपण दरवर्षी ऐकतो. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी गुरुजी संकल्प सांगतात तेव्हा ‘शालिवाहन शके’ असा उच्चार होतो. इथल्या शेजाऱ्यांच्या पंचांगात विक्रम संवत असतो, आपल्या कालनिर्णयावर शके. सातवाहन मात्र कालगणना राजाच्या कारकिर्दीच्या वर्षाने करत. फॅरोही तसेच करत, म्हणून तर याद्यांवाचून त्यांची सनावळी लागत नाही. इ. स. ७८ पासूनची सलग मोजणी आपल्या नाण्यांवर आणि लेखांत जपली ती पश्चिम भारतातील शक क्षत्रपांनी. तिचा आरंभ नेमका कोणाकडे जातो, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. शतकांनंतर लोकांनी तिला शालिवाहन हे नाव जोडले. ‘शालिवाहन शक’ या दोन शब्दांत दोन वैरी घराणी शेजारी शेजारी बसली आहेत, आणि दर उत्सवाला आपण दोघांचे नाव एका दमात घेतो.

लिपी कशी उलगडली

दोन्हीकडचे राजे शेकडो वर्षे मुके होते, कारण त्यांची लिपी कोणाला वाचता येत नव्हती. इजिप्तची चित्रलिपी शांपोल्यो या फ्रेंच विद्वानाने १८२२ मध्ये उलगडली. १७९९ मध्ये सापडलेल्या रोझेटा शिलेवर एकच मजकूर दोन भाषांत, तीन लिप्यांत होता. लंबवर्तुळात कोरलेले टॉलेमी राजाचे नाव ही त्याची मोठी किल्ली ठरली.

ब्राह्मी लिपी जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये वाचली. त्याची किल्ली राजाचे नाव नव्हती. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवर शेकडो छोटे लेख आहेत आणि त्यांच्या शेवटी तीच ती अक्षरे येतात. ती देणगीची नोंद असावी आणि अक्षरे ‘दानं’ असावीत, हे प्रिन्सेपने ओळखले. मग अशोकाच्या दिल्लीतील स्तंभावरचा लेख वाचता आला. हा स्तंभ मूळचा टोपऱ्याचा. टोपरा आपल्या शेजारच्या यमुनानगर जिल्ह्यात आहे. फिरोजशहा तुघलकाने तो दिल्लीला नेला. म्हणजे ज्या लिपीमुळे नाणेघाट आणि नाशिक बोलू लागले, तिच्या उलगड्यात आपल्या या परिसरातल्या दगडाचाही वाटा आहे. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी महाराष्ट्रातील लेण्यांचे लेख मेहनतीने उतरवले आणि वाचले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सातवाहनांचा इतिहास मराठी वाचकांपुढे मांडला.

दोन्ही देशांची प्रत्यक्ष गाठ

फॅरोंच्या देशाचा आणि सातवाहनांचा संबंध आला का? आला, आणि चांगला आला. क्लिओपात्रानंतर इजिप्त रोमन साम्राज्यात गेला आणि तांबड्या समुद्रातून मोसमी वाऱ्यांवर जहाजे मोठ्या संख्येने आपल्या किनाऱ्याला लागू लागली. पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने या मार्गाचे वर्णन लिहिले. त्याला आपण पेरिप्लस म्हणून ओळखतो. त्यात कल्याण बंदर आहे, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवरचे पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवरचे तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर आहे. कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेतात, अशी तक्रारही त्यात आहे. सातवाहन आणि क्षहरातांच्या भांडणाची झळ व्यापाऱ्यांना अशी पोहोचत होती. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या भूगोलकार टॉलेमीने पैठणच्या राजाचे नाव ‘सिरो पोलेमायोस’ असे नोंदवले. हा आपला श्रीपुळुमावी.

गेल्या काही वर्षांत इजिप्तच्या बाजूनेही पुरावा आला. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या जुन्या बंदरातील उत्खननात बुद्धाची संगमरवरी मूर्ती, संस्कृत आणि ग्रीक अशा दोन भाषांतील एक लेख आणि सातवाहनांची दुसऱ्या शतकातील दोन नाणी मिळाल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. कोणा दर्यावर्दीच्या कनवटीची ती नाणी फॅरोंच्या भूमीत जवळजवळ एकोणीसशे वर्षे पडून होती.

त्याहून नवलाची गोष्ट थीब्जच्या राजांच्या दरीतील. तिथल्या फॅरोंच्या कबरी रोमन काळातही प्रेक्षणीय होत्या आणि भिंतींवर नावे कोरून ठेवण्याची खोडही तितकीच जुनी. या लेखनात भारतीय प्रवाशांचे सुमारे तीस लेख ओळखले गेल्याचे अभ्यासकांनी २०२६ च्या आरंभी मांडले. बहुतेक तमिळ, काही प्राकृत आणि संस्कृत. त्यांतील एका संस्कृत लेखात क्षहरात राजाच्या दूताचा उल्लेख वाचण्यात आला आहे. बलश्रीने जो वंश निःशेष झाला म्हणून लिहिले, त्याचे नाव फॅरोच्या कबरीच्या भिंतीवर टिकून राहिले!

आपल्यासाठी काय?

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या मागणीत ज्या जुन्या पुराव्यांचा आधार वारंवार दिला गेला, त्यांत नाणेघाटाचा लेख अग्रभागी होता. सातवाहनांची राजभाषा प्राकृत आणि महाराष्ट्री प्राकृतातून पुढे आपली मराठी. तेव्हा हा इतिहास दूरचा नाही, आपल्या बोलण्यातच आहे.

सुट्टीत गावी जाल तेव्हा एक दिवस राखून ठेवा. नाशिकच्या पांडवलेण्यांना शहरातून सहज जाता येते. मुलांना तिसऱ्या लेण्यात न्या, मग दहाव्यात न्या आणि जिंकणारा व हरणारा एकाच डोंगरात कसे नांदतात ते दाखवा. जुन्नरला गेलात तर नाणेघाट चुकवू नका. तेरला गेलात तर रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय पाहा.

आणि शेवटी एक विनंती. या स्मरणिकेच्या मागच्या पानांवर देणगीदारांची यादी आहे, कार्यकारिणीची नावे आहेत, जमाखर्च आहे. पुष्कळजण ती पाने न वाचताच अंक रद्दीत टाकतात. नाणेघाटाचा लेख म्हणजे देणग्यांचाच जमाखर्च होता. ब्राह्मी लिपी उलगडली ती सांचीच्या सामान्य देणगीदारांच्या ओळींमुळे. आपण घरापासून दोन हजार किलोमीटरवर येऊन राहिलो, कुठल्या वर्षी कोण कोण होते, कोणी किती दिले, हे सांगणारा दुसरा कागद बहुधा कुठेच नसेल. म्हणून हा अंक जपून ठेवा, मागच्या वर्षांचे अंक कोणाकडे असतील तर ते मंडळाकडे आणून द्या. आपल्या नातवंडांना सेक्टर ४३ मधील या वसाहतीचा इतिहास लिहावासा वाटला, तर त्यांना यादी हाताशी मिळावी.